अमाल्फीच्या किनाऱ्यावर जेवायला जाताना: नाशिककरांसाठी मार्गदर्शक

अमाल्फीचा किनारा इटलीत नेपल्सच्या दक्षिणेला आहे. पश्चिमेला पोसितानो, पूर्वेला व्हिएत्री सुल मारे, मधोमध अमाल्फी. एका अंगाला कातळ, दुसऱ्या अंगाला समुद्र आणि कडेकडेने जाणारा वळणावळणाचा एकच मुख्य रस्ता. १९९७ पासून हा सगळा पट्टा युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहे.

स्वयंपाक इथे सहसा चांगलाच असतो. फजिती होते ती भलत्या वेळी पोचल्यामुळे, मेनूवरची बारीक अक्षरं न वाचल्यामुळे आणि ‘व्हेज’ एवढ्या एकाच शब्दावर विसंबल्यामुळे. या तिन्ही गोष्टी टेबलावर बसण्याआधी हातात असतात, म्हणून या लेखाचा बराचसा भाग बसण्याआधीच्या तयारीवरच आहे.

नाशिकमधून निघण्याआधी

पहिलं काम म्हणजे चिठ्ठी. घरात कोण काय खात नाही ते इटालियनमध्ये लिहून फोनमध्ये ठेवा आणि कागदावरही छापून घ्या. उच्चार साधारण असा: ‘स्यामो वेजेतारियानी. नोन मांज्यामो कार्ने, पेशे, प्रोश्शुत्तो, आच्चूगे, ने ब्रोदो दि कार्ने.’ म्हणजे आम्ही शाकाहारी आहोत. मांस, मासे, हॅम, अँकोव्ही (छोटे खारवलेले मासे) आणि मांसाचा रस्सा आम्हाला चालत नाही. अंडं चालत नसेल तर यादीत ‘उओवा’ घाला. कांदा-लसूण नको असेल तर ‘सेन्त्सा चिपोल्ला, सेन्त्सा आल्यो’. नुसतं ‘मांस नको’ म्हटल्यावर काही ठिकाणी हॅम किंवा टूना चालत असेल असं समजतात, म्हणून एकेक जिन्नस नाव घेऊन सांगायचा.

दुसरं काम खाऊची पिशवी. चिवडा, खाकरा, मेतकूट, सुक्या चटण्या खुशाल घ्या, पण दुधाचे पदार्थ घेऊ नका. युरोपीय संघाबाहेरून येणाऱ्या प्रवाशाला सामानात मांस किंवा दुधाचे पदार्थ नेता येत नाहीत, म्हणजे पेढे, पनीर, तुपातली मिठाई सगळं बाद. ताज्या फळांनाही वनस्पती-आरोग्य प्रमाणपत्र लागतं, तेव्हा आपली द्राक्षं घरीच राहू द्या. हा खाऊ दुपारच्या रिकाम्या वेळेसाठी आहे. हॉटेलात टेबलावर बसून डबा उघडणं तिथे उद्धटपणाचं मानतात.

तिसरं काम आरक्षण. जून ते सप्टेंबर समुद्राकडेचं टेबल ऐनवेळी मिळणं कठीण. बरीच ठिकाणं ऑनलाइन आरक्षण घेतात, नाहीतर मुक्कामाच्या हॉटेलच्या काउंटरवर सांगितलं की ते फोन करून देतात. सहापेक्षा जास्त माणसं असतील तर हे टाळूच नका, कारण गच्चीवरची हॉटेलं लहान असतात आणि आठ-दहा जणांना जोडून टेबलं लावायला जागाच नसते. सांगताना तीन गोष्टी सांगा: माणसं किती, शाकाहारी किती, लहान मुलासाठी उंच खुर्ची (सेज्जोलोने) हवी का. जाणं रद्द झालं तर तसं कळवा. काही ठिकाणी कार्डाचा नंबर घेऊन ठेवतात आणि न सांगता गैरहजर राहिलात तर पैसे कापतात.

वेळेचं गणित

दुपारचं जेवण साधारण साडेबारा ते अडीच, फार तर तीन. रात्रीचं साडेसात ते साडेदहा. मधल्या चार तासांत बहुतेक स्वयंपाकघरं बंद असतात. दार उघडं दिसलं, आत माणसं बसलेली दिसली तरी ‘कुचिना क्यूझा’, म्हणजे स्वयंपाकघर बंद, हे उत्तर मिळतं. सकाळी भरपेट नाश्ता करून फिरायला निघालेली मंडळी साडेतीनला भुकेजून पोचतात आणि मग चौकातल्या, दिवसभर चालू असणाऱ्या महागड्या ठिकाणी जाऊन बसतात.

यावर उपाय दोन. एकतर एक वाजता हातातलं सगळं सोडून जेवून घ्या. नाहीतर दुपार हलकी ठेवा: बारमध्ये (इटलीत बार म्हणजे कॉफी, पाव, पेयं मिळणारं साधं दुकान) पानीनो (सारण भरलेला पाव), तुकड्यावर मिळणारा पिझ्झा किंवा फोकाच्चा (तेल लावून भाजलेला चपटा पाव). किराणा आणि चीज विकणारी सालुमेरिया तुमच्यासमोर मोझ्झारेल्ला-टोमॅटो भरून पाव करून देते, तोही बऱ्यापैकी स्वस्तात. फक्त दुपारी हे दुकानही बंद होऊ शकतं, तेव्हा एकच्या आत घेऊन ठेवा.

दर हॉटेलची आठवड्याची सुट्टी असते आणि ती दारावर लिहिलेली असते. रविवारी दुपारी स्थानिक कुटुंबं जेवायला बाहेर पडतात आणि १५ ऑगस्टला तर अख्खी इटली सुट्टीवर असते. या दिवशी आरक्षणाशिवाय निघू नका. नोव्हेंबर ते मार्च उलटी स्थिती असते. किनाऱ्यावरची पुष्कळ हॉटेलं बंद, बोटीही बहुतेक बंद. दिवाळीच्या सुट्टीत जायचं ठरत असेल तर मुक्काम सालेर्नो शहरात ठेवा. ते वर्षभर जागं असतं आणि तुलनेनं स्वस्तही.

कुठल्या गावात, कुठल्या बाजूला

सूर्यास्त बघत जेवायचं असेल तर गाव विचारपूर्वक निवडा. प्राइयानो पश्चिमेकडे उघडं आहे, तिथे ते जमतं. अमाल्फी, मिनोरी, मायोरी इथे पश्चिमेला डोंगर आडवा येतो आणि ऊन लवकर जातं. जूनअखेर सूर्य साडेआठच्या सुमारास मावळतो, सप्टेंबरच्या मध्याला सातनंतर लगेच, ऑक्टोबरच्या मध्याला साडेसहाच्या आत. म्हणजे ऑक्टोबरात रात्रीचं स्वयंपाकघर उघडेपर्यंत अंधार झालेला असतो. तेव्हा दृश्यासाठी दुपारचं जेवण घ्या. रावेल्लो हे समुद्रसपाटीपासून साधारण साडेतीनशे मीटर उंचावरचं गाव. तिथून खालचा किनारा दुपारी सर्वांत स्वच्छ दिसतो.

गर्दी आणि दर दोन्ही पोसितानोत सर्वांत जास्त. अमाल्फीच्या मुख्य चौकात बसण्याऐवजी बोगद्यातल्या पायवाटेनं दहा-पंधरा मिनिटं चालून शेजारच्या आत्रानीला जा. क्षेत्रफळानं ही इटलीतली सर्वांत लहान नगरपालिका आहे. छोटा चौक, चारी बाजूंनी घरं, मधे टेबलं, आणि समुद्र कमानीपलीकडे. मासे खाणाऱ्यांनी चेताराला जावं, ते अजूनही खरं कोळ्यांचं गाव आहे. घरगुती पास्त्यासाठी मिनोरी चांगलं. तिथले न्दुंदेरी, म्हणजे रिकोत्ता चीज आणि पिठाचे उकडलेले गोळे, शाकाहारी माणसानं जरूर विचारावेत. सॉस टोमॅटोचा आहे की मांसाचा तेवढं बघायचं.

आईवडील बरोबर असतील तर पायऱ्यांचा प्रश्न सर्वांत आधी. नकाशावर दोनशे मीटर दिसणारं हॉटेल प्रत्यक्षात दीडशे पायऱ्या खाली असू शकतं, आणि जेवून वर चढायच्या असतात त्याच पायऱ्या. आरक्षण करतानाच विचारा: ‘क्वांती ग्रादीनी?’ म्हणजे पायऱ्या किती.

परतीची बस बघितल्याशिवाय रात्रीचं टेबल ठरवू नका. किनाऱ्यावर ‘सिता सुद’च्या बस धावतात, पोसितानो ते अमाल्फी पाऊण तास धरा, अमाल्फी ते सालेर्नो सव्वा तास. बोटीनं हे अंतर निम्म्या वेळात होतं आणि प्रवासही सुंदर, पण बोटी एप्रिल ते ऑक्टोबरच चालतात आणि बहुतेक मार्गांवर शेवटची फेरी संध्याकाळीच निघून जाते. इटलीत दोन-अडीच तास जेवण चालतं. साडेआठला बसलात तर अकराला उठता, आणि तेव्हा टॅक्सीशिवाय पर्याय उरत नाही. टॅक्सीचं भाडं कधीकधी जेवणापेक्षा जास्त होतं. म्हणून रात्री मुक्कामाच्या गावातच जेवा. दुसऱ्या गावातलं जेवण दुपारी ठेवा. बसचं तिकीट तंबाखू-वर्तमानपत्राच्या दुकानात (ताबाक्की) आधीच काढून खिशात ठेवा, कारण रात्री ही दुकानं बंद असतात.

दारावरचा मेनू वाचणं

किमतींसह मेनू दाराबाहेर लावलेला असतो. आत जाण्याआधी तो पूर्ण वाचा, शेवटच्या ओळीसह. कुणी घाई करत नाही. वाचून पुढे निघून गेलात तरी कुणाला राग येत नाही.

क्रम असा: आन्तिपास्ती (सुरुवातीचे पदार्थ), प्रीमी (पास्ता, भात, सूप), सेकोन्दी (मांस, मासे), कोंतोर्नी (भाज्या, सॅलड), दोल्ची (गोड). प्रत्येक पायरीवर काही मागवायलाच हवं असं नाही. एक आन्तिपास्तो मधे ठेवून आणि मग प्रत्येकाला एक प्रीमो, एवढं पुरेसं होतं आणि कुणाला ते विचित्रही वाटत नाही. सेकोन्दोबरोबर भाजी येत नाही, ती कोंतोर्नीतून वेगळी मागवावी लागते.

आता बारीक अक्षरं. ‘कोपेर्तो’ म्हणजे माणशी बैठकीचे पैसे, बहुधा दोन ते चार युरो. टेबलावर येणारा पाव त्यातच धरलेला असतो, तुम्ही खा अगर न खा. ‘सेर्वित्सियो’ लिहिलं असेल तर सेवाशुल्क, दहा ते पंधरा टक्के, बिलावर चढतं. पदार्थापुढे चांदणी असेल तर त्यातला जिन्नस गोठवलेला असू शकतो, तळटीप वाचा. अॅलर्जी होऊ शकणाऱ्या चौदा प्रकारच्या जिनसांची माहिती देणं युरोपीय नियमांनुसार बंधनकारक आहे, तेव्हा शेंगदाण्याची किंवा काजू-बदामाची अॅलर्जी असेल तर ती यादी मागायला संकोच करू नका. कर मात्र मेनूतल्या किमतीतच धरलेला असतो. आपल्याकडे बिलावर जीएसटी वेगळा चढतो तसं तिथे होत नाही.

टाळायचं काय? पदार्थांचे फोटो छापलेला सात भाषांतला मोठा मेनू, दारात उभं राहून बोलावणारा माणूस, आणि ‘मेनू तुरिस्तिको’ची पाटी, हे तिन्ही एकाच ठिकाणी दिसले तर पुढच्या गल्लीत वळा. कॉलेज रोडच्या कॅफेत ‘व्हाइट सॉस’, ‘रेड सॉस’, ‘मिक्स सॉस’ असा पास्ता मागायची सवय असेल तर ती तिथे उपयोगाची नाही. पास्त्याचा आकार आणि त्याचा सॉस यांची जोडी ठरलेली असते. मेनूवर आहे तसंच मागवा, फक्त एखादा जिन्नस वगळायला सांगा.

शाकाहारी माणसानं काय मागवावं

शाकाहारी माणसासाठी हा किनारा इटलीतल्या चांगल्या भागांपैकी आहे, कारण टोमॅटो, वांगी, झुकिनी, लिंबू आणि ताजं चीज हेच इथलं रोजचं अन्न. डोळे मिटून मागवावा असा पदार्थ म्हणजे स्पागेत्ती अल्ला नेरानो. डोंगरापलीकडच्या नेरानो गावचा हा पास्ता: झुकिनीच्या पातळ चकत्या तेलात सोनेरी होईपर्यंत तळायच्या, मुरवायच्या आणि पास्त्याच्या उकळीचं पाणी व प्रोव्होलोने देल मोनाको हे जुनं चीज घालून एकजीव करायच्या. मलई नाही, टोमॅटो नाही. नीट केलेला असेल तर चीज दाण्यादाण्याचं न होता प्रत्येक शेवईला सायीसारखं लागलेलं दिसतं. तळाशी तेलाचं तळं साचलं असेल तर स्वयंपाक्यानं घाई केली आहे.

त्याखालोखाल न्योक्की अल्ला सोरेन्तीना (बटाट्याचे गोळे, टोमॅटो, मोझ्झारेल्ला, भट्टीत भाजून), पार्मिज्याना दि मेलान्त्साने (वांग्याचे थर), काप्रेसे सॅलड (टोमॅटो आणि मोझ्झारेल्ला), आणि स्पागेत्ती अल लिमोने (लिंबाचा पास्ता). शेवटच्यात कुठे कुठे अँकोव्हीचा अर्क घालतात, तेव्हा विचारा. पिझ्झा हवा असेल तर मार्गेरिता किंवा मारिनारा. मारिनाराच्या नावात समुद्र असला तरी त्यात टोमॅटो, लसूण, ओरेगानो आणि तेल एवढंच असतं, चीजसुद्धा नसतं. अंडं न खाणाऱ्यांनी कोरडा पास्ता मागवावा, ‘पास्ता सेक्का’. जवळच्या ग्रान्यानो गावचा पास्ता रवा आणि पाणी यांचाच असतो. ताज्या पास्त्यात, म्हणजे ताल्यातेल्ले, राव्होली, लासान्येत, अंडं बहुधा असतंच. स्थानिक शालातिएल्लीत दूध आणि चीज असतं, अंडंही असू शकतं. न्योक्कीतही कधी घालतात.

आता फसवणारे पदार्थ. दिसायला शाकाहारी, आतून नाही, असे हे:

– मिनेस्त्रोने (भाज्यांचं सूप) आणि रिसोत्तो (मऊ भात). भाज्या सगळ्या, पण पाणी मांसाच्या रश्शाचं असू शकतं. ‘ब्रोदो वेजेताले?’ म्हणून विचारा.
– पास्ता ए फाजोली. वालासारख्या कडधान्याचा पास्ता, पण चवीला डुकराची चरबी किंवा पान्चेत्ता (डुकराचं खारवलेलं मांस).
– पुत्तानेस्का (टोमॅटो-ऑलिव्हचा पास्ता), परतलेली स्कारोला (एक पालेभाजी) आणि झुकिनीची भरलेली फुलं. अँकोव्ही. फुलांत कधी हॅमसुद्धा.
– क्रोक्के, म्हणजे बटाट्याचे तळलेले रोल. आत सलामीचे कण असू शकतात. शिवाय कागदी कोनात मिळणारे तळलेले पदार्थ ज्या तेलात तळतात त्यातच कोळंबी-स्क्विड तळलेले असू शकतात.
– स्फोल्यातेल्ला. खुसखुशीत शंखासारखी मिठाई, पण पदर सुटण्यासाठी डुकराची चरबी (स्त्रुत्तो) वापरतात.
– पान्ना कोत्ता. जिलेटिन. तिरामिसूत कच्चं अंडं असतं.

आणखी एक गोष्ट कट्टर शाकाहाऱ्यांनी आधी ठरवून घ्यावी. पार्मिज्यानो, प्रोव्होलोने देल मोनाको, म्हशीच्या दुधाची नामांकित मोझ्झारेल्ला ही चीजं प्राण्याच्या पोटातल्या रेनेटनं विरजतात. ते चालत नसेल तर वरची यादी बरीच आखडते आणि मारिनारा, ‘पोमोदोरो सेन्त्सा फोर्माज्जो’ (टोमॅटोचा पास्ता, चीज न घालता) आणि भाजलेल्या भाज्या हेच खात्रीचं उरतं. वेटरला त्यावरून दोष देऊ नका. त्याच्या दृष्टीनं चीज हे चीजच असतं.

जैन मंडळींसाठी: टोमॅटो सॉस सकाळी एकदम करून ठेवलेला असतो आणि त्यात लसूण किंवा कांदा पडलेला असतो, तो मागाहून काढता येत नाही. पण पारंपरिक मार्गेरितावर कुस्करलेला कच्चा टोमॅटो, मीठ, मोझ्झारेल्ला, तुळशीच्या जातीचं बाझिलिको आणि तेल एवढंच असतं. म्हणून पिझ्झेरिया हा तुमचा भरवशाचा आधार. पास्ता हवा असेल तर ‘बुर्रो ए पार्मिज्यानो’, म्हणजे लोणी आणि चीज. तो ताजा तव्यावर होतो.

तिखटाशिवाय घास उतरत नसेल तर ‘ओल्यो पिक्कान्ते’, मिरचीचं तेल, मागा. बहुतेक पिझ्झेरियांत ते असतं. केचप मागू नका.

मासे खाणाऱ्यांसाठी

माशांवर पैसे दोन प्रकारे लागतात. ताटाचा दर लिहिला असेल तर प्रश्न नाही. पण अख्खा ताजा मासा ‘अल एत्तो’ किंवा ‘अल किलो’ विकतात. एत्तो म्हणजे १०० ग्रॅम. मेनूवर ८ युरो दिसतात, मासा निघतो ९०० ग्रॅमचा, बिलात ७२ युरो. काही ठिकाणी किमतीच्या जागी नुसतं ‘एस. क्यू.’ लिहिलेलं असतं, म्हणजे वजनाप्रमाणे. वजन साफ करण्याआधीचं, काट्या-डोक्यासकट धरतात. मासा टेबलाजवळ आणून दाखवतात तेव्हाच विचारायचं: ‘क्वांतो पेझा?’ (वजन किती) आणि ‘क्वांतो कोस्ता इन तुत्तो?’ (एकूण किती). हा प्रश्न विचारणं तिथे अगदी नेहमीचं आहे. मोठा वाटला तर लहान दाखवायला सांगा. मासा हाच चांगला का, हे डोळ्यावरून ठरवा: बुबुळ फुगीर आणि चकचकीत, कल्ले लाल.

चेतारात स्पागेत्ती कोन कोलातूरा मागवा. कोलातूरा म्हणजे मिठात महिनोन्महिने मुरलेल्या अँकोव्हीचा पिंगट, खारट अर्क. २०२० मध्ये त्याला युरोपीय संघाचा संरक्षित नावाचा दर्जा मिळाला. पास्ता मिठाशिवाय उकडून त्यावर हा अर्क थेंबाथेंबानं घालतात. वरून चीज मागू नका, चव मारली जाते. माशांच्या पास्त्यावर तिथे सहसा चीज घालत नाहीत.

वाईन

दिंडोरीच्या किंवा गंगापूर धरणाजवळच्या वायनरीत टेस्टिंग केलेल्या माणसाला इथे घरचंच वाटेल. कोस्ता दामाल्फी या नावाखाली, १९९५ पासून, फुरोरे, रावेल्लो आणि त्रामोंती या तीन भागांच्या वाईन येतात. फुरोरेची काही पांढरी वाईन फेनीले, जिनेस्त्रा आणि रिपोली या इथल्या द्राक्षांची असते. खारट वाऱ्याची चव तिच्यात खरोखर जाणवते. माशांबरोबर आणि नेरानोबरोबर ती चांगली जाते. त्रामोंतीत तिन्तोरे जातीचे शंभरी ओलांडलेले वेल आहेत, तेही कलमाशिवाय, स्वतःच्या मुळांवर उभे. आपल्याकडे डॉगरिजच्या खुंटावर कलम केल्याशिवाय बाग लावायचा विचारही कुणी करत नाही, त्यामुळे द्राक्ष बागायतदारांनी ती तांबडी वाईन निदान एक पेला घेऊन पाहावी. लिंबाच्या बागाही चेस्टनटच्या खांबांवर घातलेल्या, आपल्या द्राक्षाच्या मांडवासारख्याच दिसतात.

बाटली नको असेल तर ‘व्हिनो देल्ला काझा’, घरची वाईन, सुरईतून मिळते: ‘उन क्वार्तो’ म्हणजे पाव लिटर, ‘मेद्झो लीत्रो’ म्हणजे अर्धा. दोघांना अर्धा लिटर पुरतो. गाडी चालवणाऱ्यानं हात आखडता घ्यावा. रक्तातल्या अल्कोहोलची मर्यादा लिटरला ०.५ ग्रॅम आहे, आणि त्या रस्त्यावर तर शून्यच बरं.

टेबलावर

पाणी विकतच येतं, ‘नातुराले’ साधं, ‘फ्रिद्झान्ते’ बुडबुड्यांचं. न सांगता बाटली उघडतात, म्हणून आधी सांगा. पास्ता ‘अल देन्ते’ म्हणजे दाताला किंचित लागणारा असतो. तो कच्चा राहिलेला नाही. घरातल्या ज्येष्ठांना मऊ हवा असेल तर ‘बेन कोत्ता’ म्हणा, पण मागवतानाच.

चार जणांत दोन पदार्थ मागवून वाटून खाणं लहान हॉटेलात चालत नाही. टेबल दोन-अडीच तास अडतं, म्हणून माणशी निदान एक पदार्थ अपेक्षित असतो. मुलांसाठी अर्धा प्रीमो (‘मेद्झा पोर्त्सियोने’) मात्र बहुतेक ठिकाणी देतात. उरलेला पिझ्झा खोक्यात बांधून मिळतो. समुद्रावरून थेट ओल्या कपड्यांत आत जाऊ नका. बाहेरच्या टेबलांवर शेजारी सिगारेट ओढू शकतात. त्रास होत असेल तर आतलं टेबल मागा, आत धूम्रपानाला २००५ पासून बंदी आहे.

गोड घ्यायचं तर देलीत्सिया अल लिमोने: लिंबाच्या क्रीमनं भरलेला आणि झाकलेला मऊ केक. अंडं आहे. ते चालत नसेल तर लिंबाचा ग्रानिता, म्हणजे बर्फाचा गोळा नव्हे तर लिंबाच्या रसातच गोठवलेले बारीक कण. इथली स्फुसातो जातीची लिंबं लांबट, जाड सालीची आणि इतकी सौम्य की मीठ लावून चकत्या खातात. लिमोन्चेल्लो त्यांच्याच सालींचा करतात; लहान पेल्यात, अगदी गार, जेवणानंतर. गोड लागतो पण चांगला तीस टक्क्यांच्या आसपास असतो.

कापुचिनो सकाळचं पेय. जेवणावर एस्प्रेसोच घेतात. ‘लात्ते’ मागितलं तर नुसतं दूध येईल. बारमध्ये काउंटरवर उभं राहून घेतलेली कॉफी आणि टेबलावर बसून घेतलेली कॉफी यांच्या दरात दुप्पट-तिप्पट फरक असू शकतो. दोन्ही दर भिंतीवरच्या यादीत लिहिलेले असतात. काही बारमध्ये आधी गल्ल्यावर पैसे भरून पावती काउंटरवर द्यायची असते.

बिल

बिल आपणहून आणत नाहीत. टेबलावरून उठवणं असभ्य मानतात, त्यामुळे तासभर बसून राहिलात तरी कुणी येणार नाही. ‘इल कोंतो, पेर फावोरे’ म्हणा.

अंदाजासाठी चौघांचा हिशोब मांडू. दोन मार्गेरिता ९ युरोप्रमाणे १८, दोन नेरानो १८ प्रमाणे ३६, भाजलेल्या भाज्यांचं एक ताट ७, पाण्याच्या दोन बाटल्या ८, अर्धा लिटर घरची वाईन १०, कोपेर्तो माणशी ३ प्रमाणे १२. एकूण ९१. त्यावर दहा टक्के सेवाशुल्क असेल तर शंभर. पोसितानोच्या समुद्राकाठी याच्या दीडपट धरून चला. टिप सक्तीची नाही. सेवाशुल्क लागलं असेल तर मुळीच नको, नसेल आणि जेवण आवडलं तर वरचे सुटे दोन-चार युरो ठेवा.

बिलाची ओळ न् ओळ तपासा: न मागवलेली पाण्याची बाटली, माशाचं वजन, कोपेर्तोची माणसं. लहान बाळाचा कोपेर्तो लावला असेल तर विचारा, बहुधा काढतात. प्रत्येकाचं वेगळं बिल सहसा करून देत नाहीत. एकानं भरावं आणि खोलीवर जाऊन हिशोब करावा. कार्ड घेणं दुकानदाराला कायद्यानं बंधनकारक आहे. मशीनवर ‘रुपये की युरो’ असं विचारलं तर युरोच निवडा, रुपयांत रूपांतराचा दर नेहमी महाग पडतो. आणि छापील पावती, ‘स्कोन्त्रीनो’, हातात घेतल्याशिवाय निघू नका. हातानं कागदाच्या चिटोऱ्यावर लिहिलेला आकडा म्हणजे बिल नव्हे. रक्कम चुकली आहे असं नंतर लक्षात आलं तर दाखवायला तेवढाच कागद असतो.